डावी चप्पल तारण

दचकू नका, मी मिटलेला आहे. घडीचा चाकू मी, खिशात मावणारा, तुमच्या मधल्या बोटाहून थोडासाच लांब. सारी उमर सुतळी-दोरखंडाच्या दुकानात गेली, त्यामुळे माणूस समोर आला की दोन शब्द बोलल्याशिवाय मलाही राहवत नाही. बसा जरा. घ्यायलाच हवं असं काही नाही.

माझं पातं एका मोडक्या करवतीचं आणि मूठ शिसवीच्या तुकड्याची. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं, त्याने मला विकताना तीनदा उघडून मिटवून दाखवलं. मिटताना होणारा तो ‘टक्’ असा आवाज ऐकून मालकांनी घासाघीस न करता मला घेतलं. मालक आणि घासाघीस नाही, ही गोष्ट दुकानात नंतर कित्येक वर्षं कोणाला खरी वाटली नाही.

“खिशात ठेवा,” म्हातारा म्हणाला होता. “पेटीत ठेवाल तर गंजेल बिचारा.”

मालकांनी ते ऐकलं. सकाळी दुकान उघडलं की मी आधी पाकिटं फोडायचो. मग दिवसभर सुतळी कापायची, पोत्यांची शिवण उसवायची, पेन्सिलींना टोक काढायचं. दुपारी फळ. मालक सफरचंदाचं साल एका सलग पट्टीत काढायचे आणि त्यांची धाकटी लेक श्वास रोखून बघत राहायची. पट्टी तुटली तर सफरचंद मालकांचं, न तुटली तर तिचं. कितीतरी वेळा पट्टी तुटायच्या बेतात असताना मालक मुद्दाम हात हलका करायचे, हे मला ठाऊक आहे. पातं माझंच ना! कधी तिच्या तळव्यातला काटा काढला, कधी नव्या फ्रॉकची चिठ्ठी कापली, कधी चष्म्याचा सैल झालेला स्क्रू पिळला. हे शेवटचं काम माझं नव्हे. त्याने टोक बोथट होतं. पण घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

आता एक खोड सांगतो माणसांची. चाकू मागायला सगळे येतात, परत द्यायचं मात्र एकालाही आठवत नाही. मालकांनी त्यावर तोडगा काढला होता. चाकू हवा? डाव्या पायातली चप्पल काढून इथे ठेवा.

“अहो, डावीच का?” एकाने विचारलं.

“उजवी ठेवा की. लंगडायचं तर दोन्हीकडून सारखंच. पण आमच्याकडे नियम डावीचा आहे.”

एकदा पोस्टमन मला खिशात टाकून पार पुढच्या गल्लीपर्यंत गेला आणि तापलेल्या रस्त्यावरून एका पायावर उड्या मारत परत आला. आणखी एक गृहस्थ नवेकोरे बूट घालून आले होते. त्यांनी बूट काढण्यापेक्षा सुतळी दाताने तोडली. सगळा बाजार आठवडाभर हसत होता.

या नियमातून सूट होती ती फक्त एका माणसाला. समोरच्या फ्रेमवाल्याला. फोटोंच्या चौकटी करायचा तो. दोघांनी दुकानं एकाच महिन्यात उघडलेली. चहा एकत्र, वर्तमानपत्र एक, भांडणं रोजची. तो आला की हात पुढे करायचा आणि मालक मला थेट त्याच्या तळहातावर ठेवायचे.

“चप्पल नको का रे माझी?”

“तुझी चप्पल ठेवली तर दुकानातलं गिऱ्हाईक पळून जाईल. जा घेऊन.”

आणि परत द्यायची जागाही ठरलेली. गल्ल्याजवळ सुतळीचा मोठा गुंडा असायचा. त्याच्या मधल्या पोकळीत मालक मला ठेवायचे. त्यांना ती जागा माहीत, आणि फ्रेमवाल्याला माहीत.

त्या दिवशी फ्रेमवाल्याने मला पुठ्ठ्याच्या कडा तासायला नेलं होतं. तो परत आला तेव्हा मालक शिडीवर चढून वरच्या फळीवरचे दोर काढत होते. त्याने मला पुसलं, मिटलं आणि गुंड्याच्या पोकळीत सरकवलं.

“ठेवलाय रे!” तो ओरडला.

“हं,” वरून मालक म्हणाले.

हे ‘हं’ मी या कानांनी ऐकलं. म्हणजे, कान असते तर.

मालक खाली उतरले. त्या गुंड्याला खालून ओल लागली होती, म्हणून त्यांनी तो उचलला आणि माळ्यावर टाकला. ‘मग वापरू’ म्हणाले. त्याच्या जागी नवा गुंडा ठेवला. सुतळी हातावर तोलून वजन सांगणारा माणूस! पण त्या वेळी ते एका गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होते आणि सगळं लक्ष तोंडात होतं. हाताला कळायला हवं होतं ते कळलं नाही.

संध्याकाळी माझी शोधाशोध झाली. फ्रेमवाल्याला हाक मारली.

“गुंड्यात ठेवला की. तू हं म्हणालास.”

“हा बघ गुंडा. बोट घालून बघ. रिकामा.”

“मग मी काय गिळला?”

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मालकांना बोलायची खुमखुमी आणि समोर ऐकणारी माणसं. ते हसत म्हणाले, “चुकलंच माझं. तुझीही चप्पल ठेवून घ्यायला हवी होती.”

माळ्यावरून मी सगळं ऐकत होतो. ओरडावंसं वाटत होतं, पण मिटलेल्या चाकूला तोंड कुठलं?

फ्रेमवाल्याने त्या चार गिऱ्हाइकांकडे बघितलं. मग त्याने वाकून डावी चप्पल काढली आणि गल्ल्यावर ठेवली. मग उजवीही काढली.

“घे. दोन्ही ठेव.”

आणि अनवाणी रस्ता ओलांडून निघून गेला.

त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मध्ये वीस पावलांचा रस्ता. मालकांनी त्या चपला कागदात गुंडाळून, वरून सुतळी बांधून गल्ल्याखाली ठेवल्या होत्या. टाकवत नव्हत्या आणि परत नेऊन द्यायला पाय उचलत नव्हता. मालकांची आई गेली आणि तिच्या फोटोला चौकट करायची वेळ आली, तेव्हा ते तो लांबच्या बाजारात घेऊन गेले. चौकट आली ती तिरकी. तशीच भिंतीवर लावली. दुकानात येणारा प्रत्येक माणूस मान वाकडी करून तो फोटो बघायचा.

आणि मी ओलसर अंधारात, पातं मुठीत अडकवणाऱ्या खिळीपाशी गंजत. ‘मग वापरू’ म्हणून वर टाकलेली वस्तू खाली कधी येत नाही, हे तुमच्या घराच्या माळ्यावर जाऊन बघा.

मला खाली आणलं ते धाकटीने. आता दुकान तीच बघते. जुन्या मालाची आवराआवर करताना तिने तो गुंडा खाली फेकला आणि मी फरशीवर टणकन पडलो.

“बाबा,” ती शिडीवरूनच म्हणाली, “काकांनी ठेवलाच होता की!”

मालक खुर्चीत बसले. केस सगळे पांढरे झालेले. मला हातात घेऊन बराच वेळ उलटंपालटं करत होते. मग हळूच म्हणाले, “मी हं म्हटलं होतं गं. आता आठवतंय.”

“मग जा आणि सांगा त्यांना.”

“काय सांगू?”

“माझ्याशी मुद्दाम सफरचंद हरताना कधी लाज वाटली नाही, आता कसली वाटतेय?”

म्हणजे तिलाही ते ठाऊक होतं तर!

मालकांनी माझ्या खिळीत तेलाचे दोन थेंब सोडले, फडक्याने घासून घासून मला उघडलं. मग कागदाचं ते पुडकं काखेत मारून रस्ता ओलांडला. वीस पावलं, पण वाटेत दोनदा थांबले.

फ्रेमवाला काच पुसत होता. त्याने वर बघितलं, पण हात थांबवला नाही. मालकांनी पुडकं त्याच्या टेबलावर ठेवलं, मला उघडलं आणि माझ्याच पात्याने सुतळी कापली. चपला बाहेर आल्या. चामडं वाळून कडक झालेलं.

“माळ्यावर होता,” मालक म्हणाले. “गुंड्यातच. गुंडा मी बदलला होता.”

काच पुसणं थांबलं. मी मिटलो. ‘टक्.’

“अकरा वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघत होतो,” फ्रेमवाला म्हणाला. “कोण मला चोर समजतंय म्हणून.”

मालकांनी वाकून आपली डावी चप्पल काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“चाकू तुझ्याकडे राहू दे. मला लागला की मी मागायला येईन. नियम आहे ना.”

फ्रेमवाल्याने चप्पल बघितली, मग मालकांचा अनवाणी पाय. “टेबलावर ठेवतोस? गिऱ्हाइकं येतात माझ्याकडे,” तो म्हणाला आणि डोळे पुसायला काचेचंच फडकं वापरलं. मग म्हणाला, “आणि येताना तो आईंचा फोटो घेऊन ये. लावल्यापासून समोरून बघतोय मी ती तिरकी चौकट. जीव जातो माझा.”

तेव्हापासून मी इथे आहे, समोरच्या दुकानात. फोटो सरळ झाला. सुतळी कापायला धाकटीकडे प्लॅस्टिकचे कटर डझनाने आहेत, बोथट झाले की फेकून देते. मालकांना खरं तर माझी गरज उरलेली नाही. तरी रोज सकाळी ते येतात. कधी पाकीट फोडायचं असतं, कधी बाहीचा दोरा लोंबत असतो, कधी खिशात सफरचंद असतं. काही नसलं तर चांगली टोकदार पेन्सिल घेऊन येतात आणि म्हणतात, “जरा टोक काढायचं होतं.”

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल, कुठल्यातरी माळ्यावर, ड्रॉवरच्या तळाशी. त्याला खाली काढा, तेलाचे दोन थेंब द्या. आणि एखादी वस्तू सापडली नाही, तर कोणाचं नाव घ्यायच्या आधी एकदा गुंडा बदलला होता का, ते आठवून बघा. माझं एवढंच मागणं आहे.

चला, निघायला हवं. रस्त्यावर पावलं वाजताहेत. माझे मालक आले. फ्रेमवाला न बघताच हात पुढे करतोय, आणि ते उंबऱ्यातच डावी चप्पल काढताहेत.