बिनघुंगरांचे पैंजण

तळहातावरचं घुंगरू हरभऱ्याएवढंही नव्हतं, तरी बायडाबाईंना वाटत होतं, आपण श्वास घेतला की ते किणकिणतंय... प्रीतीच्या पैंजणाचं हे पहिलंच पकडीनं सोडवलं होतं आणि हात थांबला होता.

"आज्जी, सगळी काढ की," प्रीती म्हणाली. "शाहूपुरीतल्या पोरी म्हैस आली म्हणतील."

समोर टीव्हीवर सिनेमा चालू होता. मोठं घर, सगळे ज्याच्या पाया पडतात असा काका, आणि बोलायचीच बंद झालेली पुतणी. बायडाबाई पडद्याकडं बघत नव्हत्या, पण कानांना पापण्या नसतात.

"असलं काय काढत्यात," त्यांचा मुलगा अमरसिंह वैतागला. "घरातली माणसं असं करत्यात व्हय?"

"पैशापायी काय बी दाखवत्यात," हंबीरराव म्हणाले. बायडाबाईंचे धाकटे दीर. कॉटवर मांडी घालून तंबाखू मळत होते. प्रीतीला न्यायला आले होते. आता कॉलेज संपेपर्यंत ती त्यांच्याच शाहूपुरीतल्या घरी राहणार होती. "वैनी, काळजी करू नगा. पोरगी माझ्याजवळ हाय की."

माझ्याजवळ... हुपरीतल्या याच घरात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पायांत माहेरचे पैंजण होते. नवरा चांदीचा माल विकायला परमुलखात, सासूबाई पुढच्या सोप्यात आडव्या, आणि मागच्या खोलीत, भट्टीची धग अजून निवलेली नसताना, याच भावजींनी दार लावलं — त्या दुपारी घुंगरं फार वाजली, नको तेवढी. संध्याकाळी सासूबाईंनी काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला आणि पकडीनं एकेक घुंगरू काढलं. 'शेजाऱ्यांची झोप मोडतीया,' एवढंच म्हणाल्या. शेजाऱ्यांची! म्हणजे सोप्यात त्या जाग्या होत्या.

सिनेमातली म्हातारी भरल्या ताटावरून उठली, सगळ्यांकडं बघून तिनं तोंड उघडलं — आणि वीज गेली.

"बरं झालं," हंबीरराव म्हणाले.

पंखा फिरत फिरत थांबला. ती म्हातारी काय म्हणाली असेल? सुरुवात कशी केली असेल, पहिला शब्द कुठला... इतक्या वर्षांत मला तोच सापडला नाही, आणि आता अमरसिंह घड्याळ बघतोय, पोरीची बॅग दारात आहे.

"आज्जी, एसटी चुकंल. दे की."

त्यांनी पैंजण उचलला. उरलेली घुंगरं त्या मुक्या खोलीत वाजली.

कॉटवर तंबाखू मळणारा अंगठा थांबला. हंबीरराव बायडाबाईंकडं नव्हे, पैंजणाकडं बघत होते.

आठवतंय तर. एवढी वर्षं वाटत होतं, तो आवाज फक्त माझ्याच कानात राहिलाय...

"न्हाय काढायची," बायडाबाई म्हणाल्या.

"का गं?"

त्यांनी पकड पदराखाली सरकवली. मग त्या पैंजण हलवत राहिल्या, आणि घुंगरं वाजत राहिली — अमरसिंह वळून बघेपर्यंत, त्यानंतरही.