फिरकीवरचे वेढे

घड्याळजींच्या होडीला शीड गुंडाळायची फिरकी बसली ती हौसेपायी नव्हे, बायकोच्या भीतीपायी.

गेल्या वर्षी वारा अचानक वाढला, तेव्हा घड्याळजी पुढचं शीड उतरवायला होडीच्या नाकावर गेले आणि एका लाटेसरशी पाण्यात पडले. सुकाणू बायकोच्या हातात होतं. तिचे हातपाय असे गळाले की होडी वळवायची असते हेच तिला सुचेना. होडी सरळ पुढे जात राहिली आणि नवऱ्याचं डोकं मागे लहान लहान होत गेलं. मागून मासेमारांची बोट आली म्हणून बाई सवाष्ण राहिली. घरी आल्यावर तिने ठणकावून सांगितलं, "एक तर होडी विका, नाहीतर परत त्या नाकावर पाऊल टाकायचं नाही!"

होडी विकण्यापेक्षा काम करणं घड्याळजींना सोपं वाटलं. दुकानाच्या एका कोपऱ्यात ते घड्याळं उघडून बसत, दुसऱ्या कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन. तिनेच शिडाच्या कडेला जाड गोट शिवून दिला. तो डोलकाठीपासून होडीच्या नाकापर्यंत येणाऱ्या तारेवर चढवलेल्या नळीच्या खाचेत सरकवला. नळीच्या तळाशी फिरकी, तिच्यावर दोरीचे वेढे आणि दोरीचं टोक मागे बसायच्या जागेपर्यंत. बसल्या जागी दोरी ओढली की फिरकी गरगरायची आणि शीड नळीभोवती गुंडाळलं जायचं.

धक्क्यावर, पान हलत नव्हतं अशा दुपारी, त्यांनी ते करून पाहिलं. शीड लोण्यासारखं मिटलं. लागले तेवढेच वेढे ठेवून घड्याळजींनी उरलेली दोरी कापायला घेतली.

"अहो, थोडी माया सोडा की. मी कधी कापड मापाला चिकटून कापते का?"

"हा काय परकर आहे? घड्याळात एक दात जास्त घातला तर चालेल का घड्याळ?"

आपल्याला होडीतलं काय कळतंय, असं तिला वाटलं.

दोघं पहिल्या फेरीला निघाले तेव्हा हवा छान होती. परतताना मात्र वारा असा उठला की तिच्या तोंडचं पाणी पळालं. "घाबरू नकोस, ही बघ गंमत," म्हणत घड्याळजींनी दोरी ओढली. शीड गुंडाळत गेलं, आणि मध्येच थांबलं. वाऱ्याने ताणलेलं कापड घट्ट गुंडाळलं जातं, त्याला वेढे जास्त लागतात. फिरकी रिकामी झाली होती आणि चादरीएवढं शीड अजून बाहेर फडफडत होतं. त्याच्या हिसक्यांनी डोलकाठी थरथरत होती. होडीचं नाक बंदराच्या तोंडाशी असलेल्या दगडी भिंतीकडे ओढलं जात होतं, आणि छोटं इंजिन त्यापुढे काही करू शकत नव्हतं.

घड्याळजींनी शीड उलगडून पुन्हा गुंडाळून पाहिलं. पुन्हा तेवढंच बाहेर उरलं. मग ते तिच्याकडे सुकाणू सरकवून नाकाकडे जायला उठले.

तिला तेच डोकं दिसलं, मागे लहान होत जाणारं. तिने त्यांच्या सदऱ्याचा काठ पकडला.

"बसा खाली. मी जाते."

"वेड लागलंय का तुला?"

"मी पडले तर तुम्ही होडी वळवाल. तुम्ही पडलात तर मी परत दगड होऊन बसेन. मला माहीत आहे ना मी कशी आहे!"

त्यांनी तिच्या कमरेला दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

ती हातापायांवर रांगत नाकाकडे निघाली. दात वाजत होते. लाट अंगावरून गेली तेव्हा तिने डोळे गच्च मिटले आणि आईला हाक मारली. आईला जाऊन जमाना झाला होता. नाकाशी पोचल्यावर कापडाने तिच्या तोंडावर सणसणीत चपराक दिली. मग मात्र तिला राग आला. आयुष्यभर कापडाला वठणीवर आणणारी बाई ती! तिने ते छातीशी कवटाळलं, घड्या घातल्या आणि शिडाच्याच दोरीने करकचून आवळून टाकलं. डोलकाठी शांत झाली, नाक हळूहळू भिंतीपासून वळलं.

ती सरपटत मागे आली तेव्हा घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. घड्याळातला केसाएवढा स्क्रू न थरथरता उचलणारे हात सुकाणूवर लटलट कापत होते. भिंत मागे पडल्यावर कुठे त्यांना बोलता आलं.

"तुला गेल्या वर्षी असंच झालं होतं?"

"असंच."

"मी तुला भित्री म्हणालो होतो. सगळ्यांसमोर."

"म्हणाला होतात."

धक्क्याला लागल्यावर ते कपडेही न बदलता फिरकीपाशी बसले आणि नव्या लांब दोरीचे वेढे घालू लागले. पुरे झाले असं वाटून थांबले, तिच्याकडे पाहिलं. ती ओल्या साडीत कुडकुडत उभी होती.

"अजून घाला," ती म्हणाली.

त्यांनी मुकाट्याने घातले.