उशिरा वाजणारा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. बँडमध्ये सगळ्यात मागे, जमिनीवर आडवा पडून लाथा खाणारा जो मोठा गोल ड्रम असतो ना, तो मी. सध्या माझ्यावर शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे ठेवलेत, त्यामुळे आवाज जरा दबलेला येईल. सांभाळून घ्या.

गोष्ट माझी म्हणून सांगतोय खरी, पण ती जास्त आहे एका माणसाच्या कानांची. मला स्वतःला कान नाहीत. मला नुसतं अंग आहे. जे काही कळतं ते अंगावर कळतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पातळ लाकडाच्या पट्ट्या भिजवून, वाकवून, एकीवर एक चिकटवून मला गोल केलं आणि दोन्ही तोंडांना पांढरं चामडं ताणून बसवलं. चामडं म्हणायची पद्धत आहे, असतं ते प्लास्टिकच. माझ्याबरोबरचे ड्रम मखमली पडद्यांच्या नाटकघरांत गेले. मी गेलो अग्निशमन दलाच्या बँडमध्ये. तिथे मला रोज पुसायचे, पितळी कड्यांना पॉलिश करायचे, साहेब आले की मी पुढे. मग एके दिवशी दलाच्या वाद्यखोलीलाच आग लागली. सगळे बंब बाहेरगावी प्रात्यक्षिक दाखवायला गेलेले. शेवटी शेजारच्या बेकरीवाल्याने बादल्या ओतून आग विझवली. मी वाचलो, पण एका बाजूने काळा पडलो आणि भंगारात निघालो.

तिथून मला उचललं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने. सगळे त्याला लिफ्ट्या म्हणायचे. त्याने मला पाठीला बांधून सहा मजले चढवलं, कारण त्याच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. घरी पोचल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर बायकोची उशी माझ्या पोटात कोंबली. ड्रम फार घुमू नये म्हणून तसं करतात.

बायको म्हणाली, "अहो, ती माझी उशी आहे."

"होती," लिफ्ट्या म्हणाला.

त्याच आठवड्यात बँड उभा राहिला. पंक बँड. म्हणजे सूर थोडे, आवाज फार आणि राग त्याहून जास्त. गायची ती भोंगा. दिवसभर दातांच्या दवाखान्यात "जरा बसा हं, डॉक्टर बोलावतील" असं गोड आवाजात सांगायची आणि संध्याकाळी त्याचा सूड घ्यायची. गिटार वाजवायचा शॉक्या, तो घरोघरी विजेची कामं करायचा. सराव व्हायचा एका शिवणकारखान्याच्या तळघरात. तो कारखाना भोंगाच्या मावशीचा. पहिल्याच दिवशी मावशी हातात कात्री घेऊन खाली उतरली.

"हा धिंगाणा बंद करा! माझ्या शिलाया वाकड्या यायला लागल्यात!"

"मावशी, आमच्याकडे बेस गिटार वाजवायला कुणीच नाहीये गं," भोंगा म्हणाली.

मावशीने ते वाद्य हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "चारच तारा? एवढंच? माझ्या मशीनला याच्यापेक्षा जास्त दोरे असतात."

ती वर गेलीच नाही. बँडची बेस वाजवणारी झाली.

या चौघांचा एक नियम होता आणि तो त्यांना प्राणापेक्षा प्यारा होता: आपल्यात कुणी पुढारी नाही. जे ठरेल ते चौघांनी हात वर केला तरच ठरेल. एकाचा जरी हात खाली असला, तरी विषय बंद. त्यामुळे बँडचं नावच ठरेना. पहिल्या कार्यक्रमाच्या फलकावर छापून आलं 'नाव ठरायचंय'. पुढच्याही फलकावर तेच. शेवटी लोक 'नाव ठरायचंय'ची गाणी मागायला लागले आणि प्रश्न मिटला.

गाणं सुरू करतानाही तीच गत. ड्रम वाजवणारा एक, दोन, तीन, चार म्हणतो आणि सगळे सुरू करतात, अशी जगाची रीत. यांनी ठरवलं, आकडे मोजणं म्हणजे हुकूम सोडणं. ज्याला जेव्हा आतून वाटेल तेव्हा त्याने सुरू करावं. पहिल्या कार्यक्रमात चौघे वाद्यं धरून उभे राहिले आणि जो तो दुसऱ्याला आतून वाटायची वाट बघत बसला. प्रेक्षकांना वाटलं, कुणीतरी गेलंय. तेही माना खाली घालून उभे राहिले. एक बाई तर रडल्या.

कॅसेट काढणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या, त्यांना यांनी हाकलून दिलं. गाणी स्वतःच ध्वनिमुद्रित करायची, न्हाणीघरात, कारण तिथे आवाज छान घुमतो. कॅसेटची कव्हरं मावशी गणवेशाच्या उरलेल्या कापडातून कापायची. कुठल्या कॅसेटला निळी कॉलर, कुठल्या कॅसेटला खिशाचा तुकडा. 'लिफ्ट बंद आहे' आणि 'घरमालकाचा कुत्रा' ही दोन गाणी पोरं रस्त्यात ओरडायला लागली. मित्रांनो, ते दिवस चांगले होते. एका गावी मांजरीने माझ्या पोटातल्या उशीवर पिल्लं घातली, तर चौघांचे हात झटकन वर गेले आणि तिचे डोळे उघडेपर्यंत बँडच बंद राहिला. तिचे म्हणजे पिल्लांचे.

पण तळघरात एक गडबड होती. तिथे विजेचा चालू सॉकेट एकच होता, लिफ्ट्याच्या डाव्या हाताला. शॉक्याने जुन्या लाउडस्पीकरांचे सुटे भाग जोडून गिटारचा आवाज वाढवणारा स्वतःचा डबा बनवला होता. कपाटाएवढा. सगळे त्याला म्हैस म्हणायचे. म्हैस त्या सॉकेटला लागायची, म्हणजे थेट लिफ्ट्याच्या डाव्या कानाशी.

"शॉक्या, पलीकडच्या भिंतीला एक सॉकेट बसव की रे. तुझंच तर काम आहे," मावशी म्हणायची.

"उद्या बसवतो," शॉक्या म्हणायचा. दुसऱ्यांच्या घरी पळत जाणारा माणूस, इथे वर्षानुवर्षं त्याचा उद्या उगवला नाही. आणि सवय अशी जडली, की मोठ्या सभागृहात, जिथे भिंतीभर सॉकेट असायचे, तिथेही म्हैस डावीकडेच.

आधी लिफ्ट्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली. तो रात्री उठून बायकोला म्हणायचा, "किटली उतरव." ती जाऊन बघायची, तर चूलच बंद. मग शिट्टीच्या मागून शब्द गळायला लागले. बायकोने "अहो, ऐकलंत का?" म्हणणं हळूहळू सोडून दिलं, कारण त्याचं उत्तर आता दोघांनाही माहीत होतं. त्याने सांगितलं, कामामुळे कान बसलेत, होतील बरे. घरात त्याला हाक मारायची झाली, की जमिनीवर टाच आपटायची. पायाखालची फरशी हलली की तो वळायचा. खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज काठीने छत ठोकून निषेध करायचे. लिफ्ट्याला वाटायचं, बायको बोलावतेय.

तो एकटाच जाऊन कानाच्या डॉक्टरीण बाईंना दाखवून आला आणि त्या दिवशी सरावाला सगळ्यांच्या आधी पोचला. माझे स्क्रू आवळता आवळता मलाच सांगितलं.

"डावा गेला म्हणे. उजवा थोडा शिल्लक आहे. या गोंगाटात बसलास तर तोही जाईल म्हणाल्या." मग माझ्या अंगावर थाप मारली. "बोलायचं नाही हं कुणाला."

मी कुणाला बोलणार?

त्याला कान टिकवायचा होता आणि बँडही सोडायचा नव्हता. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा शंभर माणसं नावाने ओळखतात, हे सोडणं सोपं नसतं. तो भोंगाच्या टाचेकडे बघून ताल धरायला लागला. टाच दिसेपर्यंत उशीर व्हायचा. मी दर वेळी गाण्याच्या मागे वाजायला लागलो.

आता पकडले जाऊ असं मला वाटलं. पण झालं भलतंच. एका वर्तमानपत्रात समीक्षकाने लिहिलं: "हा ड्रम वेळेवर येत नाही, कारण तो वेळेची गुलामी नाकारतो." झालं! गर्दी दुप्पट झाली. दुसऱ्या बँडचे चांगले धडधाकट कानांचे ड्रमवाले उशिरा वाजवायचा सराव करायला लागले. मला हात लावायला पोरं रांगेत उभी राहायची. मित्रांनो, आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि ते एका माणसाच्या कानांच्या जिवावर चाललं होतं. प्रत्येक टाळीला त्याचा उजवा कान थोडा झिजत होता.

मग एका मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. त्याआधी नवी कॅसेट काढायची म्हणून, न्हाणीघराला कंटाळून, चौघे एका छोट्या स्टुडिओत गेले. तिथल्या चष्मेवाल्या तंत्रज्ञाने प्रत्येक वाद्य वेगवेगळं मुद्रित केलं. माझा आवाज त्याने पुन्हा पुन्हा ऐकला, चष्मा पुसला आणि पुन्हा ऐकला.

"तुमचा ड्रमवाला उशिरा वाजवत नाहीये," तो म्हणाला.

"मग?" भोंगाने विचारलं.

"तुम्ही गाताय 'लिफ्ट बंद आहे'. तो 'घरमालकाचा कुत्रा' वाजवतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

शॉक्या पोट धरून हसला. "भारी! हेच ठेवा!" लिफ्ट्याही सगळे हसतायत म्हणून हसला. एकटी मावशी हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सरावाला लिफ्ट्याची बायको मुलीला सोडून बाजारात गेली. मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. नावाप्रमाणेच तिची टकळी अखंड चालू असायची. मावशीला तिने दारातच मांजर, शाळा आणि तुटलेली चप्पल असं सगळं सांगून टाकलं. मग ती बापाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि काही न बोलता टाच आपटली. लिफ्ट्या वळला. तिने तोंडाकडे अंगठा नेऊन पाणी मागितलं. त्याने दिलं. ती प्यायली आणि परत मावशीकडे येऊन बोलायला लागली.

मावशीने तिला जवळ घेतलं. "चिमणे, बाबांशी नाही का बोलत तू?"

"बाबांशी बोलत नाहीत," चिमणी म्हणाली, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. "बाबांना ठोकायचं असतं."

म्हशीचा आवाज बंद झाला. शॉक्याने पहिल्यांदाच आपणहून बटण फिरवलं होतं. तळघरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. आणि त्या शांततेतही लिफ्ट्याला काही ऐकू आलं नव्हतं. तो माझ्या पेडलला तेल घालत बसला होता.

सभा तिथेच भरली. मावशीने निळा खडू काढला, कापडावर खुणा करायचा, आणि माझ्या पांढऱ्या तोंडावर लिहिलं: 'कान कधीपासून?'

लिफ्ट्याने वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "थोडाच गेलाय. चालतंय की! लोकांना आवडतंय!" तो गरजेपेक्षा फार मोठ्याने बोलत होता.

"अरे, एवढा एक कार्यक्रम तरी होऊ दे," शॉक्या पुटपुटला. मग त्याची नजर म्हशीवर गेली, तिथून सॉकेटवर, आणि त्याने मान खाली घातली.

मावशीने लिहिलं: 'तू ड्रम सोडायचास. हात वर.' आणि स्वतःचा हात वर केला. भोंगाचा हात वर गेला, रडता रडता. शॉक्याचा गेला, सगळ्यात हळू.

लिफ्ट्याचे दोन्ही हात माझ्यावर घट्ट होते. "चौघांचे लागतात!" तो ओरडला. "नियम आहे! मी नाही करणार वर! हाकला बघू मला!"

नियम खरा होता. त्याला काढायला त्याची स्वतःचीच परवानगी लागत होती, आणि ती तो देणार नव्हता. त्याचे तळवे घामाने ओले झाले होते. ते मला कळत होतं. भोंगा ओरडून समजावायला लागली, तेवढं ओरडणं जगात फक्त तिलाच जमलं असतं, पण त्याने डोळेच मिटून घेतले.

मावशी थांबली. डोळे उघडेपर्यंत थांबली. मग कोपराने माझं तोंड पुसलं आणि चिमणी जे बोलली होती, ते जसंच्या तसं लिहिलं.

'बाबांशी बोलत नाहीत. बाबांना ठोकायचं असतं.'

त्याने ते वाचलं. परत वाचलं. चिमणीकडे बघितलं. ती शॉक्याला तुटलेल्या चपलेची गोष्ट सांगत होती, हात हलवून, डोळे मोठे करून, एकसारखी. त्याला तिचे नुसते ओठ दिसत होते.

मग माझ्यावरचा एक हात उचलला गेला आणि वर गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. बँडने मोठ्या सभागृहात नवा ड्रमवाला आणि नवा ड्रम आणला. तो अगदी वेळेवर वाजवायचा. समीक्षकाने लिहिलं, यांच्यातलं बंड संपलं. वर्षभराने बँडही संपला; आता मत जुन्या तिघांचंच उरलं होतं, तिघांचे हात वर गेले आणि काम झालं. मी मावशीच्या कारखान्यात राहिलो. धूळ बसते, सुया टोचतात, गठ्ठे चढतात. लिफ्ट्याचा डावा कान परत आला नाही. उजवा आहे तेवढा आहे. अंधारात तो बोलणं समजू शकत नाही, कारण ओठ दिसत नाहीत. चिमणी आता त्याच्या उजव्या बाजूला बसते आणि बोलते. कधी कधी अर्ध्यात थांबते, "जाऊ दे बाबा," म्हणते. ते "जाऊ दे" मात्र त्याला दर वेळी ऐकू येतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला वाजवू नका असं मी म्हणणार नाही, तेवढ्यासाठीच तर मला घडवलं. जोरात वाजवा, रागाने वाजवा. पण कानात बोळे घाला, आणि अधूनमधून आवाज बंद करून आपल्या बाजूला बसलेल्याकडे वळून बघा. त्याने एकदा "काय?" विचारलं, तर परत सांगा. दुसऱ्यांदा विचारलं, तर हसू नका. तिसऱ्यांदा तो विचारत नाही. नुसता हसतो, तुम्हाला वाटतं त्याला कळलं, आणि तुम्ही पुढे वाजवत राहता.