तीनशे ऐंशी मीटर डांबर

पद्मावती मगदूम यांचं घर आणि रान यांच्यात डांबरी रस्ता होता फक्त तीनशे ऐंशी मीटर. पेठ वडगावजवळच्या त्या गावात त्यांची सगळी शेती तेवढ्या तुकड्यावर अडली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना चालवत नव्हतं. म्हणून त्यांनी चार जाड चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची शेतातली गाडी घेतली. अशा गाडीला नंबर मिळत नाही. ग्रामपंचायतीनं ठराव केला होता : बिननंबरी गाडी इंजिनावर रस्त्यावर आणली, तर दोनदा समज, तिसऱ्यांदा पोलिसांकरवी जप्ती. दोन्ही वेळा समज देऊन झाली होती. गाडी गेली की रान खंडानं दुसऱ्याला द्यावं लागणार, हे पद्मावतींना पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी आठला त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली, पुढं शेजारच्या आकारामची बैलजोडी जुंपायला लावली आणि स्वतः हँडल धरून बसल्या.

"आक्का, बैल बिथरलं तर?" कासरा धरून आकारामनं विचारलं.

"ब्रेक माझ्या हातात हाय. चल तू."

पंचायतीसमोर सरपंच धैर्यशील आडवा आला.

"आक्का, ह्ये काय सोंग?"

"बैलगाडी."

"इंजिन हाय की हिला!"

"बंद हाय. हात लावून बघ, थंडगार लागतंय."

चहाच्या टपरीवर हशा पिकला. तेवढ्यात मागून धैर्यशीलचाच उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, स्पीकरवर गाणं, नंबरपाटीचा पत्ता नाही. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून धरला. बैल हलले नाहीत, पद्मावतीही नाहीत.

"धैर्या, ह्याचा नंबर कुठं हाय? ह्याला किती येळा समज दिलीस?"

"आक्का, त्यो कारखान्याला चाललाय."

"आन् मी काय जत्रंला चाललोय व्हय?"

टपरीवरून कुणीतरी शिट्टी मारली. धैर्यशीलनं मागं वाढलेली रांग बघितली, घाम पुसला आणि आवाज खाली आणला. "बरं, उद्यापासनं आणा की इंजिनावर. कोण अडवणार न्हाय."

"तोंडी नगं. ठरावाच्या वहीत लिव्ह, खाली सही कर. तंवर रोज आठाला बैल जुंपतो."

"पर आता तरी जरा कडंला घ्या."

"आकाराम," पद्मावती म्हणाल्या, "रस्त्याच्या मधनंच घे. आन् सावकाश."