सौमित्रच्या गाडीचा कॅमशाफ्ट

शंतनूने पुढच्या गिअरचा शेवटचा बोल्ट काढून डबीत टाकला आणि जुना कॅमशाफ्ट दोन्ही हातांनी, जरा जरा फिरवत, इंजिनमधून बाहेर ओढला. सौमित्रने खाली टॉवेल धरला. दोघांनी मिळून तो लांबलचक दांडा बाकावर ठेवला. अमेरिकेतल्या अर्विंगच्या उन्हाळ्यात गॅरेजचं दार सताड उघडं ठेवूनही काही उपयोग नव्हता. कोपऱ्यातला पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता.

"नवा काढू?" सौमित्रने विचारलं.

"काढ."

बाकाच्या टोकाला लांबट खोकं होतं. त्यातला कॅम शंतनूच्या सांगण्यावरून आला होता. तो या गाडीला साफ चुकीचा होता, हेही शंतनूला पक्कं ठाऊक होतं.

जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड मुळात शंतनूचं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्याच्या गाडीभोवती फिरून "यार, ही खरंच चालते?" असं विचारणारा सौमित्र तेव्हा नागपूरहून नवा नवा आला होता. त्याला ही जुनी शेव्हेल गाडी शोधून दिली ती शंतनूने. तिच्यातलं ते अगडबंब बिग-ब्लॉक इंजिन उघडायचं कसं, पाना धरायचा कसा, तेही त्यानेच शिकवलं. आणि मग एका शनिवारी, गाड्यांच्या शर्यतीच्या पाव मैलाच्या सरळ पट्टीवर, ड्रॅग स्ट्रिपवर, शिष्य गुरूच्या पुढे निघून गेला. शंतनूच्या गाडीपाशी उभी असलेली चार माणसं फोटो काढायला तिकडे सरकली. परतताना बायको सुलेखा सहज म्हणाली, "सौमित्रने किती पटकन सगळं पिकअप केलं, नाही?" बिचारीच्या मनात काही नव्हतं. शंतनू त्या रात्री नीट जेवला नाही.

तेव्हापासून तो जळत होता. त्याला दुसरा शब्द नाही. सौमित्रला प्रमोशन मिळालं तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं, घर झालं तेव्हा तर तो पेढे घेऊन गेला होता. पण गाडी! गाडी ही त्याची एकट्याची जागा होती, आणि तिथेही हा हात लावेल त्याचं सोनं करत होता.

अशात सौमित्रचा फोन आला. "कॅम बदलतोय. रोज ऑफिसला हीच नेतो आणि शनिवारी स्ट्रिपवर, दोन्ही जमायला हवं. कुठला घेऊ? तू सांगशील तो."

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनचा स्वभाव. वॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, ते हा दांडा ठरवतो. नवख्यांना नेहमी मोठाच हवा असतो. मोठा कॅम वरच्या वेगात गरजतो खरा, पण सिग्नलला गाडी थांबली की इंजिन धापा टाकतं, निघताना जोर लागत नाही, आणि रोजच्या रस्त्यावर जीव नकोसा होतो. हे शंतनू इंटरनेटवर नवख्यांना बजावून बजावून थकला होता. तरी तो सौमित्रला म्हणाला, "मोठा घे. घाबरतोस काय!" आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्याला बरं वाटत होतं.

सौमित्रने खोकं उघडून कॅम बाहेर काढला.

"आन्याला लर्नर्स परमिट मिळालं, बोललो का तुला? म्हणते, बाबा, I'll learn on this one or nothing. पोरगी ऐकतच नाही. म्हटलं, एकदा हे काम होऊ दे, मग शिकवतो."

शंतनूचा हात डबीतच राहिला.

ब्रेक. मोठ्या कॅमचं इंजिन हळू फिरताना पुरेसा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, देत नाही, आणि या गाडीचा पॉवर ब्रेक त्या व्हॅक्यूमवरच चालतो. तो नसला की पेडल दगडासारखं होतं, जीव खाऊन दाबलं तरी गाडी वेळेत थांबत नाही. सिग्नलला खोकणारी गाडी शंतनूने मनात हजारदा पाहिली होती. त्या गाडीत कुणी बसलेलं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

सौमित्रने कॅमचं टोक इंजिनच्या भोकाशी नेलं. त्याचे उंचवटे कोरडे, चकाकत होते. त्यांच्यावर काळी पेस्ट चोपडल्याशिवाय नवा कॅम कुणी आत घालत नाही. घातला तर बघता बघता झिजून जातो.

"थांब," शंतनू म्हणाला. "पेस्ट लावली नाहीस."

"हो की." सौमित्र कॅम तसाच धरून उभा राहिला. "अजून काही?"

शंतनूने फडकं उचललं, हात पुसले, पुन्हा पुसले.

"हा घालू नकोस. तुझ्या गाडीला फार मोठा आहे."

"अच्छा."

"मला माहीत होतं. तू फोन केलास तेव्हाच."

सौमित्रने मान हलवली. रागावला नाही, चकितही झाला नाही. कॅम नीट पुसून त्याने खोक्यात ठेवला, मग वाकून बाकाखालून दुसरं खोकं ओढलं. त्याची चिकटपट्टी आधीच कापलेली होती. आत जरा लहान कॅम होता, आणि त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर काळी पेस्ट निगुतीने लावलेली होती.

"सकाळीच लावून ठेवली," तो म्हणाला. "कॅम बनवणाऱ्या कंपनीला फोन केला होता. त्यांनी गाडीचं वजन विचारलं, गिअर विचारले, ब्रेक कुठले ते विचारलं. तू काहीच विचारलं नव्हतंस."

शंतनूला खाली बघावं लागलं. "मग मोठा कशाला मागवलास?"

"तू सांगितलास म्हणून." सौमित्रने नव्या कॅमचं एक टोक त्याच्यापुढे केलं. "धर. एकट्याला जमायचं नाही."

दोघांनी मिळून तो आत सरकवला. कुठे अडला नाही, कुठे घासला नाही. सांगून टाकलं की पोटातलं दुखणं थांबेल, असं शंतनूला वाटलं होतं. ते थांबलं नाही. आतापर्यंत त्याला फक्त गाडीचा हेवा वाटत होता; आता या माणसाचाच वाटू लागला.

सौमित्रने गिअर बसवला, बोल्ट हाताने फिरवून लावले आणि ते नेमके किती आवळायचे ते मोजणारा टॉर्क रेंच घेतला.

"किती देऊ?" त्याने विचारलं.

आकडा त्याला पाठ होता. शंतनूला ते माहीत होतं.

"वीस," शंतनू म्हणाला.

"वीस," सौमित्र म्हणाला, आणि रेंचवर आकडा लावू लागला.