रेझिनचं पडकं घर

"लढाईचा निकाल रंगारीच लावत असते!" असं जाहीर करून उस्मानचाचा खुर्चीत बसले आणि कळवळून उठले. खाली रेझिनचा, म्हणजे कडक प्लास्टिकसारखा, वीतभर बुरूज होता.

टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी अशीच छोटी पडकी घरं रंगवायचं पहिलंच काम पुतणी उज्माला पुण्याहून मिळालं होतं. अकोल्यात जन्मभर पाट्या रंगवलेल्या चाचांना तिने नमुन्याचं घर रंगवायला दिलं आणि ती बाजारात गेली.

परतली तर भेगा लांबीच्या लगद्याने बुजवलेल्या, भिंतींना निळसर चुना आणि ओसरीत आढ्यापर्यंत कापूस. तेल्हाऱ्याचं त्यांचं जुनं घरच! तिथल्या कापसात लहानपणी चाचा आणि त्यांची सगळी भावंडं लोळायची. पुढे कापसाने दगा दिला आणि घर सुटलं.

"चाचा, हे तोफेनं उडालेलं घर होतं!"

"मंग? ईद तोंडावर आली अन् घर पडकंच ठेवू काय?"

उज्माने थिनरची बाटली उघडली.

"पुसू नको व पोरी. आधी त्या पुण्यावाल्याले दाखव तर."

तिने पुण्याला फोटो पाठवला. चाचा बाटलीवर हात ठेवून बसले.

उत्तर आलं, "सुंदर! असंच राहू द्या, पाडायचं आम्ही खेळताना बघू. फक्त दार जरा मोठं करा, सैनिक आत शिरत नाहीत."