डाव्या गुडघ्याचा हट्ट

हालचाल मोजायचा चंदेरी मणी, वाटाण्याएवढा, डाव्या गुडघ्याच्या कडेला चिकटलेला... काल प्रयोगशाळेतून निघताना काढायचाच राहिला. रुचिताने नखाने तो उचकटायला घेतला आणि थांबली. समोर लॅपटॉप, लॅपटॉपात ती स्वतःच — नुसता हाडांचा सापळा आणि त्यावर स्नायूंच्या तांबड्या दोऱ्या. सापळा पायरीशी येतो, उजवा पाय खाली सोडतो, सगळा भार डाव्या गुडघ्यावर येतो... आणि कोसळतो. पुन्हा. पुन्हा.

कोसळणारच. शरीर कमीत कमी श्रम करतं, असं त्या प्रोग्रॅमने धरलेलं. भार पेलायला मांडीच्या पुढच्या स्नायूने ओढलं की झालं. मागच्याने उलट ओढणं म्हणजे उधळपट्टी. दोघं एकमेकांविरुद्ध ओढत राहिले तर त्यांची वजाबाकी होते, गुडघ्याला वळवणारा जोर — टॉर्क — तेवढा उरतो, आणि आतल्या झुंजीचा मागमूस राहत नाही. पण माझे दोघंही ओढतात ना, त्या झुंजीनेच गुडघा ताठ राहतो! पोशीरच्या मैदानावर कबड्डीत चढाईला गेले, मुलींची साखळी कमरेला पडली आणि हा गुडघा आतून कटकन वाजला, तेव्हापासून ओढतात. ऑपरेशन झालं, टाके विरले, भीती तेवढी मांडीत राहायला आली... पुढेही, मागेही.

"काय गं, गुडघ्याला टिकली लावलीस?" आई पाखडायचं सूप घेऊन ओट्यावर टेकली.

"मोजायची टिकली आहे ती."

"मंग ऱ्हाऊ दे. बगायला येतील त्यांना तीच दाव."

रुचिता हसली, तोच तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन.

"डाव्याचा नाद सोड. उजव्या पायाचे आकडे आरशातल्यासारखे डावीकडे टाक, सगळे तेच करतात. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही, तर तुझा भाग वगळून शोधनिबंध जाईल."

"सर, मागच्या स्नायूचे संकेत खरे आहेत. मांडीला संकेत टिपणाऱ्या पट्ट्या लावून घेतलेत मी."

"अगं, ती भीती आहे. यांत्रिकी नाही."

फोन ठेवला आणि तिने तेही करून पाहिलं. उजवा डावीकडे टाकला. सापळा उतरला — किती सुरेख उतरला, ओढ्याचं पाणी दगडावरून उतरावं तसा, पडणं ठाऊकच नसलेला. ती बघत राहिली... ही कोण? माझी उंची घेऊन, माझं वजन घेऊन, माझ्या नावाने ही कोण चालली आहे? भीती यांत्रिकी नाही म्हणे! मग काल प्रयोगशाळेत डाव्यावर भार देऊन उतरताना मला उभं कुणी धरलं?

तिने ती देखणी बाई पुसून टाकली. कमी श्रमाचा नियमही काढला. दोन्ही स्नायूंना त्यांचे स्वतःचे संकेत दिले. जा, हवं तेवढं ओढा. गणित सुरू झालं, पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. उभा राहील सापळा? की कोसळेल? नाही राहिला तर नाही. कोसळला तरी माझा कोसळेल.

ती उठली. ओट्याच्या पायरीशी आली. खालच्या पायरीवर आधी डावा टेकवायचा, म्हणजे शरीर खाली सोडायचं काम उजव्यावर पडतं — ऑपरेशनपासूनची सवय, तिच्याइतकीच आईची.

"डावा आधी गं!" सुपातलं धान्य पाखडता पाखडता, मान वर न करता आई.

"आज उजवा."

सुपाचा आवाज थांबला.

तिने उजवा पाय उचलला, खाली सोडला... आणि सगळा भार डाव्यावर आला. मांडी पुढून ओढत होती, मागून ओढत होती, मध्ये गुडघा थरथरत होता, मणी उन्हात लुकलुकत होता — आणि त्या दोघांपैकी कुणालाही, जन्मात पहिल्यांदाच, ती गप्प बस म्हणाली नाही.